रंगराव काही मरत नाही

१ जानेवारी, सकाळ

प्रथम सर्वांची खुशाली. मंजुळाबाईंचा गुडघा कसा आहे? थंडीने धरलाय, पण जिना चढता चढता माझ्यावर ओरडता येतं, म्हणजे बरा आहे. रविराजची पाठ? चाकणला जाणारी कंपनीची बस आणि वाटेतले खड्डे दोन्ही कायम आहेत, तेव्हा पाठही कायम. सूनबाई रुपालीचा खोकला? गेला. तळेगावात कंपनीतल्या जुन्या दोस्ताची, सोनबाची साखर? फोनवर म्हणाला, हाय, पर भांडत न्हाई. माझं बीपी? गोळी आठवली तर उत्तम.

रोजनिशीत असं विचारायचं नसतं म्हणे. पण आयुष्यभर लोकांची पत्रं लिहून दिली. खुशाली विचारल्याशिवाय आपलं पेन चालत नाही.

आता संकल्प. या वर्षी नाटक. तीन अंकी. शोकांतिका. शेवटी नायक मरणार आणि चिंचवडचं नाट्यगृह हुंदके देणार. व्हिजिटिंग कार्डं छापून आणली: ज्योतीराम शेळके, नाटककार. अख्खी चिखली मला सेफ्टीवाले काका म्हणते. वर्षअखेर हे नाव पुसलं नाही तर कार्डं वाणसामानाच्या याद्यांना वापरायची, असं ठरवलंय.

मंजुळा म्हणाली, यादीला जरा मोठी छापायची होती.

३ जानेवारी

पुढेमागे कुणी माझ्यावर लिहिलं तर सोपं जावं म्हणून कारकीर्द थोडक्यात नोंदवतो.

पहिला कालखंड: रजेचे अर्ज. कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनांच्या खात्यात, कुणालाही रजा लागली की माझ्याकडे. एकाची आजी मी चार वर्षांत तीनदा मारली, प्रत्येक वेळी निराळ्या आजाराने. तिसऱ्या वेळी मॅनेजरसाहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, शेळके, आजीला आता सोडा, सेफ्टी वीकचं पथनाट्य लिहा.

दुसरा कालखंड: पथनाट्य. रिटायर होईपर्यंत दर मार्चला एक. गाफील गणपा नावाचा कामगार, काम कायम सोनबाचं. गणपा चालू प्रेसमध्ये हात घालायला जातो. सगळं शॉप ओरडतं, आधी मशीन बंद, मगच हात आत! गणपा मागे उडी मारतो, लाल बटण दाबतो आणि दोन्ही हात वर करून दहा बोटं दाखवतो. मग बघणारे सगळे आपापली दहा बोटं दाखवतात. मग चहा आणि वडापाव. गोष्ट दर वर्षी नवी, शेवट हाच. लोकांना दुसरा चालायचाच नाही.

तिसरा कालखंड: आता सुरू.

१५ जानेवारी

लिखाण जोरात. पात्रांची नावं ठरली. नायक रंगराव, प्रेस ऑपरेटर. त्याची बायको इंदू. बाकीची पात्रं लागतील तशी.

डायनिंग टेबलाचा एक पाय हलतो, त्यामुळे संवाद तिरके येतात. खाली पुठ्ठा घातला. आता टेबल स्थिर, पण तीळगुळाचे लाडू समोर.

९ फेब्रुवारी

पहिला अंक पुरा. चिंचवडला जाऊन सलिलला वाचून दाखवला. सलिल आयटीत आहे, शनिवार-रविवार हौशी नाटकं बसवतो, नोव्हेंबरच्या स्पर्धेसाठी त्याला नवीन नाटक हवंय. ऐकून म्हणाला, काका, यात दम आहे. भाषा अस्सल आहे. फक्त मृत्यू जबरदस्त पाहिजे. मी म्हटलं, मृत्यूची काळजी सोडा. तो माझ्यावर.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरला कार्ड दिलं. त्याने बघून पास मागितला.

४ मार्च

सेफ्टी वीक सुरू. कंपनीच्या सेफ्टी ऑफिसर सुहासिनी मॅडमनी जानेवारीत पथनाट्यासाठी विचारलं होतं. मी नम्रपणे नाही म्हटलं, सध्या शोकांतिकेत आहे. म्हणून त्यांनी या वर्षी कार्टूनचा व्हिडिओ लावला. बरं झालं. सुटलो.

रविराज पहिल्या शिफ्टहून आल्यावर सहज विचारलं, लोक हसले का? म्हणाला, कोण हसतंय, सगळे मोबाइल बघत होते. जेवताना सहज विचारलं, शेवटी बोटं दाखवली का? नाही. हात धुताना सहज विचारलं, वडापाव तरी? बिस्किटं, म्हणाला.

मला काय त्याचं.

२२ एप्रिल

तिसरा अंक. योजना पक्की: ऑर्डर अडकलेली, रंगराव सलग दुसऱ्या शिफ्टला उभा, डोळ्यांवर झोप, प्रेस खाली येते, अंधार, इंदूची किंकाळी, पडदा.

सकाळी लिहायला बसलो. लिहून झाल्यावर वाचलं, तर प्रेसला हात अडवणारा जाळीचा गार्ड लावलेला. कुणी लावला? मीच. खोडला. पुन्हा लिहिलं. या खेपेला सुपरवायझर येऊन म्हणाला, रंगराव, डबल शिफ्ट नियमात बसत नाही, घरी जा. तो शहाणा गेलासुद्धा.

उन्हाळ्याचा परिणाम असावा. पन्हं घेतलं.

११ मे

मृत्यूचा प्रकार बदलून पाहिला.

रंगराव शेडवरून पडतो: कमरेला पट्टा बांधलेला निघाला. साप चावतो: पायात गमबूट. रूळ ओलांडताना लोकल येते: तो पुलावरून गेला, आणि खाली उभ्या असलेल्या दोघांनाही वर बोलावून घेतलं. हृदयविकार: कंपनीच्या वार्षिक तपासणीत आधीच सापडला, आता पथ्यावर आहे.

मंजुळाला सांगितलं. ती भेंडी चिरत होती. म्हणाली, अहो, रजेच्या अर्जात आज्या मारताना नाही हो हात कचरला. मी म्हटलं, त्या अर्जातल्या. हा माझा माणूस आहे.

म्हणाली, मग जगू दे की त्याला. बायकांना नाट्यशास्त्र समजत नाही. भेंडी मात्र छान झाली होती.

१० जून

सलिलचा फोन. तिसरा अंक वाचला म्हणाला. काका, हा मरत का नाही? शेवटच्या पानावर तो फर्स्ट एड बॉक्सची तारीख तपासतोय. मी म्हटलं, ते सूचक आहे. फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, स्पर्धेत वेळेची मर्यादा आहे, दोन अंकांचं करू.

चांगलं झालं. आता थांबायचा अंक एक कमी, रंगरावाला लवकर मारता येईल.

२९ जून

हॉलमधला बल्ब गेला होता. प्लास्टिकच्या खुर्चीवर पाट, पाटावर मी. खाली आलो. पाय मुरगळला.

हा अपघात नव्हे, अभ्यास होता. पडताना माणसाच्या मनात काय येतं याची नोंद: बल्ब वाचला पाहिजे.

रुपालीने बर्फ लावला. म्हणाली, आण्णा, शिडी होती ना घरात. खालच्या मजल्यावर बातमी पोचली: सेफ्टीवाले काका खुर्चीवरून पडले. चारजण बघायला आले आणि जाताना प्रत्येक जण खुर्ची हलवून गेला.

६ सप्टेंबर

आज रंगराव गेला.

गणपती बसलेले असताना कसं मारायचं म्हणून थांबलो होतो. आज विसर्जन. मिरवणुकीचे ढोल लांबून ऐकू येत होते. पेन हातात घट्ट धरलं, गार्ड आठवला तरी लिहिला नाही, सुपरवायझरला चहाला पाठवलं. प्रेस खाली आली. इंदू ओरडली. पडदा.

जेवण गेलं नाही. मंजुळाने विचारलं, काय होतंय? म्हटलं, रंगराव गेला. तिचा घास हातातच राहिला. कुठले रंगराव, म्हणाली. कळल्यावर जे बोलली ते इथे लिहीत नाही. पण नंतर ताटात थोडं श्रीखंड वाढलं.

नाटककाराचं आयुष्य सोपं नाही.

५ ऑक्टोबर

तालमी सुरू. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, टेबल टेनिसचं टेबल बाजूला सारून. इंदूचं काम ऋचा करतेय, सलिलच्याच ऑफिसातली. रडते फार छान. पहिल्या दिवशी वॉचमन धावत आला होता.

रंगरावासाठी सलिलला तरुण मुलगा हवा होता. मी ठाम राहिलो: सोनबा. प्रेसपुढे कसं उभं राहायचं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? सलिल म्हणाला, काका, त्यांचं वय. सोनबा म्हणाला, वय हाय, पर स्टेजवर दिसत न्हाई. घेतला.

एकच अडचण. प्रेस खाली येते तेव्हा सोनबा मागे उडी मारतो. पाठीला स्प्रिंग बांधल्यासारखा. सलिल म्हणाला, आजोबा, मागे नाही, पुढे. सोनबा म्हणाला, व्हय व्हय. पुन्हा मागे. मला बाजूला घेऊन म्हणाला, ज्योत्या, तूच शिकवलंस लेका, आता तूच इसरायला सांगतोस.

मी म्हटलं, सोनबा, तो गणपा होता. हा रंगराव. गणपा वाचतो, रंगराव मरतो. सोनबा विचारात पडला. म्हणाला, मानूस तर त्योच हाय की.

२ नोव्हेंबर

सोनबा मेला. अगदी सुंदर मेला. ऋचाच्या खऱ्या डोळ्यांत खरं पाणी. सलिलने मला मिठी मारली.

सेटवरची प्रेस प्लायवूडची केलीय. मी सांगितलं होतं, खरी वाटली पाहिजे. म्हणून लाल बटणही बसवून घेतलं, आत दिवा पेटणारं. सलिल म्हणाला, याची गरज नाही. मी म्हटलं, तपशिलातच नाटककार दिसतो.

९ नोव्हेंबर

तिकिटांची जबाबदारी सलिलने प्रत्येकावर टाकलीय. त्याच्या लोकांना पुढची एक रांगही भरवता येईना. मी तीन फोन केले. जुन्या प्रेस शॉपवाल्यांनी अर्धं नाट्यगृह घेतलं. चाकणहून एक मोठी गाडीच करून येताहेत, बायकापोरांसकट. सलिल बघतच राहिला. म्हणाला, काका, तुमचे चाहते आहेत.

त्यांना नाटक कशाचं हे सांगितलं नाही. धक्का बसला पाहिजे.

१६ नोव्हेंबर, दुपार

आज प्रयोग. इस्त्रीचा झब्बा. खिशात कार्डं. मंजुळाने देवापुढे साखर ठेवली. रुपालीने पर्समध्ये चार रुमाल घेतले. मी म्हटलं, कमी पडतील.

चिखलीत मी सेफ्टीवाले काका म्हणून आजची शेवटची दुपार. पानवाल्याशीही जरा अंतर राखून बोललो.

१७ नोव्हेंबर, सकाळ

लिहायला हवं. नाटककाराने टाळू नये.

पहिला अंक पोटातलं पाणीही न हलता पार पडला. लोक ऐकत होते. मी विंगेत उभा. दुसऱ्या अंकात एका बाईने नाक ओढल्याचं मी स्वतः ऐकलं. मनात म्हटलं, चाललंय.

शेवटचा प्रवेश. लाल प्रकाश. सोनबा एकटा, पेंगुळलेला. प्रेसकडे जातो. गार्ड नाही. हात वर करतो, हात पुढे जातो.

आणि मागच्या रांगांतून आवाज आला. एकाचा नाही, सगळ्यांचा, एका दमात, शॉपमध्ये यायचा तसा:

आधी मशीन बंद, मगच हात आत!

सोनबाने मागे उडी मारली. इतकी लांब उडी त्याने नोकरीतसुद्धा मारली नव्हती. लाल बटण दाबलं. बटण पेटलं, तपशिलात मीच बसवलेलं. मग पुढे आला, दोन्ही हात वर केले आणि दहा बोटं पसरून दाखवली.

अर्धं नाट्यगृह उभं. सगळ्यांचे हात वर. त्यांच्या बायकांचे. पोरांचे. आमच्या रविराजचेही, तो पाचव्या रांगेत होता, त्याला मी काही बोललो नाही.

ऋचाचं काय सांगू. ती विंगेत केस मोकळे सोडून किंकाळीसाठी श्वास भरून उभी होती. तिने किंकाळी मारली, धावत स्टेजवर गेली, आणि बघते तर नवरा धडधाकट, लोकांना हात दाखवतोय. पोरगी हुशार. क्षणभर थांबली, केस बांधले आणि म्हणाली, आलात? ताट वाढू का?

छप्पर पडायचं बाकी राहिलं. पडदा कुणी टाकला माहीत नाही. सलिल जमिनीवर बसला होता.

बाहेर आलो तर गाडीवाले सगळे उभे. म्हणाले, शेळके, कमाल केलीस, शेवटपर्यंत कळू दिलं नाहीस की गणपाच आहे. एकेकाने हात पुढे केला आणि बोटं पसरून दाखवली. मिलिंगवाला, टूलरूमवाला, कँटीनवालासुद्धा, त्याला तर प्रेस लांबूनच माहीत. म्हातारे हात, नखं काळी. सगळी बोटं जागच्या जागी.

कार्ड द्यायचं राहून गेलं.

१८ नोव्हेंबर

विचार केल्यावर लक्षात येतं की हे अपयश नव्हतंच. प्रेक्षकांनी शेवट बदलायचा हा नवा प्रकार आहे. मला आधीच सुचला असावा, फक्त सांगायला विसरलो.

सलिलला फोन केला. उचलला नाही. आयटीत कामं फार असतात.

सोनबाचा फोन आला. म्हणाला, ज्योत्या, माफ कर गड्या. आवाज आला की पाय ऐकत न्हाईत. मी म्हटलं, साखर कशी आहे? म्हणाला, उडी मारल्यापासून उतरलीय.

२३ नोव्हेंबर

निकाल. उत्तेजनार्थ बक्षीस: उत्कृष्ट विनोदी नाटक.

परीक्षकांना शोकांतिका कळली नाही असं रुपालीला म्हटलं. ती म्हणाली, आण्णा, चारही रुमाल ओले झाले. हसून हसून.

ट्रॉफी टीव्हीवर ठेवली. मंजुळाने खाली क्रोशाचा रुमाल घातला. मग बराच वेळ तिथेच पुसत राहिली. म्हणाली, ती गाडी भरून आलेली माणसं बघितलीत ना? तुमचा रंगराव एकटा मेला असता तर एवढी माणसं जेवायला बाहेर गेली असती का, मुकाट घरी गेली असती. हे सगळे तिथून मिसळ खायला गेले.

मिसळीचा आणि नाटकाचा काय संबंध हे मी विचारलं. गुडघा चोळत आत गेली.

१२ डिसेंबर

सुहासिनी मॅडमचा मेसेज. चाकणच्या प्लांटमध्ये नवीन लाइन टाकलीय, रोबोट बसवलेत, भोवती जाळीचं कुंपण. कंत्राटी पोरं नवीन आहेत, शॉर्टकट म्हणून कुंपणावरून उडी टाकतात. व्हिडिओ दाखवला, उपयोग नाही. प्रयोगाची हकीकत कानावर आलीय. मार्चमध्ये पथनाट्य कराल का?

मी विचारपूर्वक कळवलं: क्षमस्व. त्या कालखंडातून मी पुढे आलोय.

बरं वाटलं. माणसाला ठाम राहता आलं पाहिजे.

१३ डिसेंबर

रविराजला सहज विचारलं, कुंपण केवढं उंच आहे? कमरेएवढं, म्हणाला. दार कुठे? लांब, म्हणून तर उड्या मारतात. दार उघडलं की रोबोट थांबतो? थांबतो. उडी मारली तर? त्याला कळत नाही, म्हणाला, आणि पाठ शेकायला गेला.

मला काय त्याचं.

१४ डिसेंबर

रात्री तीन वेळा उठलो. कमरेएवढ्या कुंपणावरून कुणीही उडी मारेल. कमरेएवढं कुणी ठेवलं?

२० डिसेंबर

नवीन शोकांतिका सुरू. नायक रोबोटच्या लाइनवरचा कंत्राटी पोरगा, विक्की. पहिल्याच पानावर तो वळसा घालून दारातून आत गेला. पान फाडलं. दुसऱ्या पानावर त्याने कुंपण उंच करून मागितलं.

२८ डिसेंबर

कार्डं बघितली. बरीच उरलीत. मंजुळाने मागच्या बाजूला लिहून दिलं: हरभरा डाळ, गूळ, आगपेटी. खरंच जरा मोठी छापायला हवी होती.

१ जानेवारी

या वर्षी संकल्प नाही. फक्त एक पत्र. मेसेजवर लांब लिहायची आपल्याला सवय नाही, म्हणून हातानेच लिहून रविराजबरोबर प्लांटवर देतोय. नक्कल इथे ठेवतो.

सुहासिनी मॅडम, स.न.वि.वि.

मागच्या उत्तराचं मनावर घेऊ नये. त्या दिवशी मी कारकीर्दीत होतो.

आमचे रंगराव नोव्हेंबरात वाचले, तेव्हापासून मोकळेच आहेत. त्यांना रोबोटच्या लाइनवर घ्यावं असं म्हणतो. सोबत विक्की नावाचा पोरगा राहील, तो उडी टाकायला जाईल. ओरडायचं काय, ते शब्द तयार आहेत, पहिल्या वर्षी पोरांच्या तोंडी बसवावे लागतील. शेवटी बोटं दाखवायची. बिस्किटं नकोत, वडापाव ठेवा.

कुंपण मात्र पथनाट्याआधी उंच करून घ्या. नाहीतर माझं ऐकेपर्यंत एखादा आत जाईल.

तारीख कोणती, शिफ्ट कोणती, ते कळवा. उत्तर लवकर लिहा, कारण सोनबा आता उडी मारायला जागा मोजून मागतो आणि तालमीला तळेगावहून यायचं म्हणजे त्याला डबा लागतो.

आपला,
ज्योतीराम शेळके
सेफ्टीवाले काका